चारांत एक

तळघरात बत्तीस खण, बत्तीस वेटोळी.
प्रत्येक खणावर चिकटपट्टी,
तिच्यावर वेन्डलचं तिरकं अक्षर:
मादी. सतराशे ग्रॅम. उंदीर मंगळवारी खाल्ला.
नर. तीन आठवडे तोंड लावलेलं नाही,
म्हणजे हंगाम आला.

टोलेडोत नोव्हेंबर.
फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी गोठलेले उंदीर,
इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालंय.
जेवण झालं की तो विजेच्या बिलाची पाठ घेतो
आणि जोड्या लावायला बसतो.
'बनाना' नर त्या काळ्या मादीला द्यावा का?
'स्पायडर' नको. दिसतो देखणा,
पण मान ठरत नाही त्याची,
उंदीर सोडून हवेलाच चावतो.
"रंगापायी कुणाची मान हलती ठेवायची नाही,"
असं म्हणत तो ते नाव खोडतो
आणि हजारेक डॉलरवर पाणी सोडतो.

मग त्याची आवडती जोडी.
दोघं दिसायला साधी, मातकट,
कुणी ढुंकून बघणार नाही;
पण दोघांच्या आत पांढरं दडलेलं.
तो चौकट आखतो. मधून एक उभी रेघ, एक आडवी.
चार घरं.
एका घरात पांढरं उघड्यावर येतं,
दोन घरांत दडून राहतं,
एक घर रिकामं.
खाण तशी माती म्हणतात,
पण मातीकडे बघून कळत नाही
खाणीत काय काय होतं.
"आणि प्रत्येक अंड्याला," तो पेन्सिल टेकवतो,
"मागचं अंडं ठाऊक नसतं."

ही चौकट मला ओळखीची आहे.
डॉक्टर ओस्टरहाउटनं आखली होती,
औषध कंपनीनं वाटलेल्या पिवळ्या कागदावर,
आम्हा दोघांना आधी बसायला सांगून.
दोघं धडधाकट. दोघांच्या आत ते.
केल्विन तेव्हा सात महिन्यांचा,
कपाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं.
नऊ वर्षं पाठ थोपटली त्याची
सकाळ-संध्याकाळ, कफ सुटावा म्हणून.
त्याच्या खोलीतलं यंत्र परत गेलं
त्याच हिवाळ्यात वेन्डलनं पहिला साप आणला.

साध्या पिलांच्या डब्यांवर तो लिहितो:
सहासष्ट टक्के.
म्हणजे वर दिसत नाही,
आत असेल, तिनांत दोन वेळा.
गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही.

काल मेरीबेथचा फोन आला डेटनहून.
अकरावा आठवडा. रक्त देऊन आलीय,
नवऱ्याचंही घेतलंय.
"बाबा काय करतायत?"
पेन्सिल थांबली होती.
"जोड्या लावतायत," म्हटलं.
ती हसली, आणि मग आम्ही तिघंही
फोनच्या दोन टोकांना गप्प.

रात्री उशिरा तळघराची पायरी वाजली.
त्यानं नर उचलून मादीच्या खणात सोडला असणार.
बराच वेळ वर आला नाही.

सकाळी बिल भरायला मी कागद उलटला.
पेन्सिल इतकी दाबून चालवलेली
की रकमेच्या आकड्यांतून
चार घरं वर आली होती.
मी चेक फाडला, तारीख घातली.