सातवं प्रकरण

सातव्या प्रकरणात मी तीन मुलांना
रामशेजच्या टाक्यात उतरवलं
आणि चहा टाकायला उठलो.
परत आलो तर तिघं तिथंच,
गुडघाभर पाण्यात,
माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत.

मोठ्यांना आधीच हलवून ठेवलं होतं.
आई मनमाडला, मामेबहिणीच्या साखरपुड्याला.
बाबांना नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये रात्रपाळी.
आजोबांचं काय करावं सुचेना,
त्यांना मोतीबिंदूच्या रांगेत बसवलं.
मोबाईल, नेहमीप्रमाणे,
नेमक्या वेळी मेला.

शनिवारी पंचवटी कारंजाजवळच्या वाचनालयात
सतरंजीवर अकरा मुलं.
अल्फिया कोकणी, वय तेरा,
पाठीला पुस्तकांचं कपाट, मांडीवर माझी झेरॉक्स पानं,
समासात पेन्सिलीचे प्रश्न, मुंग्यांसारखे बारीक.
"सर, तुमच्या चारही पुस्तकांत चार्जिंग संपतं.
एकदा तरी फोन चालू राहू द्या ना.
चालू असून उपयोग नाही, असं काहीतरी करा."

ओजस गांगुर्डे म्हणाला,
"आमच्या वर्गात कुणी
'अरे देवा, आता काय होणार' असं म्हणत नाही."
मग काय म्हणतात?
त्यानं सांगितलं.
छापता येणार नाही.
सतरंजीभर हसू सांडलं,
ग्रंथपाल बाईंनी दोनदा टेबल वाजवलं.

हसू ओसरेपर्यंत अल्फिया थांबली.
"पुराच्या वेळी आम्ही पत्र्यावर होतो, रात्रभर.
दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालेला.
मी सहा वर्षांची.
भीती नंतर वाटली, सर.
आधी शू लागली.
आणि एवढ्या माणसांत सांगायचं कुणाला,
याचंच टेन्शन.
तुमच्या मुलांना कधी लागतच नाही."

बारा वर्षं मी मुलांना संकटात पाठवतोय.
बॅटरी, दोर, शिट्टी,
ग्लुकोज बिस्किटांचा पुडा,
सगळं आठवणीनं सॅकमध्ये भरून.
त्यांची शरीरं तेवढी
घरीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पेठ रोडची बस धरली,
आशेवाडीला उतरलो.
माझ्या कथेत हा गड साडेतीन ओळींत चढतात.
मला दीड तास लागला,
वाटेत दोनदा बसलो,
एकदा चपलेचा अंगठा तुटला
आणि तो मी लगेच चोरला, आठव्या प्रकरणासाठी.

टाक्याच्या कडेला पालथा पडून पाण्यात हात घातला.
पाणी थंड असेल असं लिहिलं होतं.
थंड होतंच,
पण वास? वासाचा एक शब्द नव्हता माझ्याकडं,
शेवाळाचा, जुन्या नाण्याचा.
आजूबाजूला कुणी नाही बघून हाक मारली:
"शर्वाऽऽ!"
हाक पलीकडच्या कातळाला लागून
जरा मोठी होऊन परत आली.

वरून शेळ्या राखणारा एक पोरगा धावत आला.
"कोण हरवलंय का, बाबा?"
तीन मुलं, मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.
त्यानं काठी टाकली,
डोळ्यांवर हात धरून उतार न्याहाळला,
मग अगदी कामाचं विचारलं:
"शर्ट कंच्या रंगाचा?"

मला माहीत नव्हतं.
सात प्रकरणं झाली होती
आणि शर्वाच्या अंगात काय आहे,
मी एकदाही बघितलं नव्हतं.

"पिवळा," मी म्हणालो,
"बाही उसवलेली."
तो तेवढ्यावर निघालासुद्धा, बुरुजाकडं,
आणि मला त्याच्यामागं धावत जाऊन
सांगावं लागलं की, थांब,
ती मुलं अजून झालेली नाहीत.
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
की मी उरलेला बिस्किटांचा पुडा त्याला देऊन टाकला.

त्या रात्री पहिलं काम:
शेवटच्या पानावर जीप घेऊन येणारे हवालदार शिरसाट,
त्यांना पेठ नाक्यावरच थांबवलं,
पंक्चर.
फोन चालू ठेवला, रेंजच्या दोन काड्या,
लागतो तो आजोबांना,
ज्यांना ऐकू येत नाही.

मग टाक्यात वाकून बघितलं.
अंधार होता. पिवळी उसवलेली बाही दिसली.
बराच वेळ मी काहीच लिहिलं नाही.
खालून कुणीतरी, हळूच,
पहिल्यांदाच मला न विचारता बोललं:

"ए, तिकडं तोंड करा ना जरा."