कोठीची वही

दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी
कोठीचं कुलूप मी उघडते.
आत अंधार, चिंचेचा वास,
आणि ओळीने उपडी घातलेली माणसं.

हसू नका. आमच्या कसब्यातल्या देवळात
भांड्यांना भांडी कोणी म्हणत नाही.
आचारी ओरडतो,
"अंबूताईंना चुलीवर चढवा,
ढमढेऱ्यांत आमटी अर्धीच घाला, ते तळाला लागतात,"
आणि पोरं अंबूताईंना
दोन्ही कानांना धरून उचलतात.

अंबूताई वडके गेल्या छप्पन साली.
त्यांना पाहिलेलं आता कोणी उरलं नाही.
पण त्यांच्यात साठ पानांचा मसालेभात मावतो
आणि वर झाकण नीट बसत नाही,
हे सगळ्यांना ठाऊक.

पानशेतच्या पुरात त्या वाहून गेल्या होत्या म्हणे.
चौथ्या दिवशी संगमाकडचा एक माणूस
सायकलला बांधून घेऊन आला.
"काठावर नाव होतं," एवढंच म्हणाला,
चहा न घेता गेला.
त्याचं नाव वहीत नाही.

सभामंडपात संगमरवरी पाटीही आहे,
पाचशे एक आणि त्यावरचे सगळे.
तिच्यावर कोणी चिंच घासत नाही,
म्हणून ती अजून स्वच्छ वाचता येते.
इथे मात्र कल्हईवाला आतून लख्ख करतो,
बाहेरून आम्ही मीठ-चिंच लावून घासतो,
आणि दर वर्षी नावं थोडी थोडी आमच्या हाताला लागून जातात.
ढमढेऱ्यांचे दोन्ही ढ
आता फक्त बोटाला कळतात.

एक तांब्या आहे, पावशेर दुधाचा.
"कै. चि. सुहास, वय ७."
तांबट आळीतल्या माणसाने सवयीने चि. घातलं
की बापाने मुद्दाम सांगितलं, मला माहीत नाही.
कैलासवासी आणि चिरंजीव,
एकाच नावाआधी.
तो चुलीवर जात नाही. त्यातून फक्त तीर्थ.
घासताना मी नावाच्या बाजूने जाते.

माझा बाप इथे आचाऱ्याच्या हाताखाली होता.
बाळोबा हेंद्रे.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांची नावं ढवळली.
गेला तेव्हा पातेल्याचे पैसे नव्हते.
आईने देवळाला एक डाव दिला,
पळसाच्या पानाएवढा,
आणि तांबट अक्षरामागे आठ आणे घ्यायचा,
म्हणून दांड्यावर एवढंच: बा. हे.
कै. परवडलं नाही.
आईला त्याचं वाईट वाटलेलं मला आठवत नाही.

विश्वस्तांना वाटत आलं
हे 'बाहेर'चं आखूड रूप असावं,
बाहेरच्या पंगतीचा डाव.
मी कधी दुरुस्त केलं नाही.
तोही बाहेरच जेवायचा,
पंगती उठल्यावर, चुलीशेजारी, उकिडवा.

काल केतकी आली, फुलवालीची नात.
पहिलीत आहे, दिसेल ते वाचत सुटते:
तांदळाचं पोतं, गॅसची टाकी, माझ्या पिशवीवरचं साडीचं दुकान.
डाव दोन्ही हातांनी उचलून
तिने अक्षरं जुळवली.
बा.
हे.
मग एका दमात, "बा हे!"
आणि माझ्याकडे बघून,
"कोणाचे?"

मी म्हटलं, आण इकडे, आमटी लागतेय.
ढमढेऱ्यांच्या पार तळापर्यंत घातला
आणि ढवळत राहिले बराच वेळ,
लागली नव्हती तरी.

रात्री मोजदाद केली.
पातेली चौदा, कढया पाच, तांब्या एक,
डाव एक.
शेऱ्याच्या रकान्यात कोणाच्या तरी जुन्या अक्षरात
'बाहेर'.
ते खोडलं नाही.
ढमढेऱ्यांपुढे लिहिलं:
कल्हई करून घेणे.