शेवटचा रकाना

उप्पलवाडीच्या पुढं, जिथं डांबरी रस्ता
बोलता बोलता गप्प होतो,
तिथं माझा मंगळवार असतो.
काखेत नोंदवही, पिशवीत बियांची पाकिटं,
तोंडाला दुपट्टा. एप्रिलातलं ऊन इथं
कडी वाजवत नाही, सरळ घरात शिरतं.

पहिल्या मंगळवारी मी बोलले
लोह, जीवनसत्त्व आणि परसबाग यांवर.
पंचफुलाबाई निखारे शेवटपर्यंत ऐकत होत्या,
मग म्हणाल्या, "मॅडम, परस कुठी हाय आमाले?
दार उघडलं का नाली,
अन् मांगं दुसऱ्याची भित."
मी वहीत लिहिलं: उपस्थिती एकोणीस.
ते खरं होतं.
बाकीच्याला रकाना नव्हता.

भाद्रपदात ताप आला.
आशाताई टॉर्च घेऊन कूलरांमध्ये वाकायच्या.
गेल्या उन्हाळ्याचं पाणी, तळाशी गंज,
आणि त्यात वळवळणारे
बारीक बारीक स्वल्पविराम.
एकटी बाई किती टाक्या उपसणार?
म्हणून पानठेल्यावरची पोट्टी धरली.

सुगत उके, दहावीच्या गणितात
दोनदा अडकलेला.
त्यानं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला:
गल्ली तिसरी, कूलर चौदा, अळ्या नऊ ठिकाणी.
दर शनिवारी टाकी कोरडी.
एक आकडा चुकला नाही त्याचा.

सात कूलर मेलेले निघाले.
मोटरी जळालेल्या, वाळा कुजलेला.
सुगतनं भंगाराचा भाव काढून आणला होता,
पण पंचफुलाबाईंनी टाकीवर बोट वाजवलं,
मडकं घेताना वाजवतात तसं,
कान जवळ नेऊन,
आणि म्हणाल्या, "हाच परस."

खिळ्यानं भोकं पाडली. तळाला विटांचे तुकडे.
मी पत्रक काढलं: माती दोन भाग, खत एक भाग.
त्यांनी माती मुठीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
पत्रकावर कोणीतरी
चवळीचं बी वाळत घातलं.

पालक पिवळा पडला. मेथी बकरीनं नेली.
सांबार तेवढा आला.
मुख्यालयाच्या कागदात मी कोथिंबीर लिहिते,
पण इथं तो सांबार आहे, पुरुष, हट्टी,
लोकांनी बघायचं सोडल्यावर
अकराव्या दिवशी उगवणारा.

सुगतची बहीण प्रणोती.
तिच्याकडं सिकलसेलचं कार्ड आहे,
थंडी पडली की सांधे तिला रात्रभर जागवतात.
कुदळ तिनं धरायची नाही, असं ठरलं.
ती पाण्याच्या पाळ्या लावते,
डब्यांवर बियांची नावं लिहिते,
आणि पहिल्या टाकीला पाणी घालताना
फॉलिक ॲसिडची गोळी घेते,
म्हणजे दोन्ही विसरत नाहीत.
कापणीच्या दिवशी म्हणाली,
"डॉक्टर म्हणते, माह्या रक्तातच विळे हायेत.
मंग सांबार मीच कापीन ना!"
कोणाला हसावं कळेना.
मग तीच आधी हसली.

त्या दिवशी माझ्या वहीत
लाभार्थी ह्या शब्दाखाली नावं भरायची होती.
मी पंचफुलाबाईंचं लिहिलं, आणि थांबले.
कूलर त्यांचा. माती त्यांनी ओळखली.
हिशेब पोराचा, पाणी पोरीचं.
बी तेवढं माझं,
आणि तेही सरकारी.

निघताना प्रणोतीनं एक जुडी
उघड्या वहीवरच ठेवली, ओली.
शेवटचा रकाना, "इतर",
शाईसकट हिरवा झाला.

साहेब म्हणतात, पान खराब झालंय,
नवीन भरून द्या.
देईन.

इकडं पुन्हा ऊन चढतंय.
दोन घरांना टाक्या परत हव्यात,
नवी मोटर बसवायची म्हणतात,
आणि त्यांना नाही कसं म्हणायचं,
लेकरं झोपत नाहीत रात्री.
सुगतनं रिकाम्या तेलाच्या डब्यांची
मोजदाद सुरू केली आहे.
"सोळा झाले मॅडम," काल फोनवर म्हणाला,
"अजून चार लागतीन."
मी वही उघडली लिहायला.
वास अजून गेलेला नाही.