पत्ता

साखर पेठेत, वरच्या खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली
नायना आलेखाच्या कागदावर चादरी काढायचे.
मोर, कमळ, एकदा विमान,
एकदा कुणा नवरदेवाचं आडनाव, वेलांटीसकट.
मी नववीत. चौकोन भरायचं काम माझं.
भरलेला चौकोन म्हणजे पुठ्ठ्याला भोक,
भोक म्हणजे धागा वर,
रिकामा म्हणजे धागा खाली.
शास्त्र एवढंच, ते म्हणत,
बाकी डोळे फुटेस्तोवर मोजणं.

कपाटामागं एक गठ्ठा होता
अम्माच्या विडीच्या दोऱ्यानं बांधलेला.
त्यात मोर नव्हते.

पहिल्या कागदावर गढी,
गढीपुढं वाकलेली माणसं, बारा-बारा चौकोन उंच.
पुढच्यावर तीच माणसं, अठरा चौकोन.
"सहाच चौकोनांचा फरक," नायना म्हणाले,
"आमच्या गावाला त्याला दोन वर्षं लागली."
तिकडं तेलंगणात मालकाला दोरा म्हणत.
"दोऱ्यापासून पळालो
आणि इथं येऊन जन्मभर दोराच धरला."
हा विनोद ते पाहुण्यांना सांगत
आणि पाहुण्यांआधी स्वतः हसत.

तिसरा कागद मला आवडायचा नाही.
सगळा काळा. पेन्सिलीनं घोटून घोटून चकाकणारा,
फक्त दोन चौकोन सोडलेले.
"विस्तव?"
"मांजर. माझ्या मांडीवर होतं. कणगीमागं.
बाहेर घोडे."
"घोडे कुठायत?"
"ऐकू येत होते," म्हणाले,
"ऐकलेलं कसं काढायचं, सांग."

मग ओदेलू पेद्दनायना. त्यांचे थोरले भाऊ.
वय एकोणीस, काठीला लाल चिंधी,
संघमच्या माणसांबरोबर रानात निघालेले.
एकाच माणसाचे सात कागद,
कागदागणिक लहान होत गेलेली एकच पाठ.
मी विचारलं, तोंड का नाही?
"जाताना मी पाठच बघितली.
तोंड त्याच्या आधी रोज बघत होतो,
म्हणून बघितलंच नाही."
दहा वर्षांचे होते तेव्हा.
पुढं नळीचं पाणी, स्टेशन, मावसमामाचा माग,
ते सगळं त्यांनी एका कागदात उरकलंय.

जकार्डच्या पुठ्ठ्याला आमच्याकडं पत्ता म्हणतात.
ओदेलूचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता.

आणि त्या उन्हाळ्यात, लाइट जात-येत असताना,
घाईघाईत मशाकनं टेबलावरचे चुकीचे कागद उचलले.
पत्ते पाडले गेले. मागावर चढले.
तीन चादरी विणून झाल्यावर तो धावत आला:
"नायना, कमळाच्या जागी माणूस यायलाय!"
शेठजी बरंच बोलले.
सूत नायनांच्या पगारातून,
चादरी खोटीच्या ढिगात, किलोवर.

नायना काहीच बोलले नाहीत.
जेवले. शेंगाचटणी पुन्हा मागून घेतली.
दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी
कन्ना चौकापासून एकेक दुकान.
मी पिशवी धरून मागं.

चौथ्या दिवशी सापडली एक.
मरून जमिनीवर पांढरी पाठ,
खांद्यावर काठी, काठीला चिंधी
(चिंधी लाल करायला रंगच नव्हता मागावर).
नायनांनी तिच्यावर हात ठेवला,
कारागीर सूत तपासतो तसा, आडवा.
मग दुकानदाराला म्हणाले,
"उलटी करा."

दुकानदार ओळखीचा. हसला.
"तुम्हाला सांगायला पाहिजे का?
दोन्हीकडून एकच की हो.
रंग तेवढे इकडचे तिकडं."

"माहीत आहे," नायना म्हणाले,
"तरी करा."