चार नंबरची नळी

प्रश्नपत्रिकेत वीसपैकी अठरा मिळाले मला,
रेलूताई वसावेंना अकरा.
ट्रेनिंगच्या मॅडमनी माझं नाव मोठ्यानं वाचलं.
रेलूताई चष्मा पुसत बसल्या,
बराच वेळ.

त्याच रात्री आम्हा दोघींची ड्यूटी.
धुळ्याचा मे, आयसीयूचा एसी परत बंद,
दाराशी कूलर घरघरतोय
आणि बारा खाटा.
चार नंबरला साक्रीकडचे दगा आप्पा, डोक्याला मार,
गावच्या फडाचे पाटकरी, असं त्यांचा पुतण्या सांगत होता.
सहावा दिवस.

सीटी करून आणलं त्यांना,
वॉर्डबॉयनं लघवीची पिशवी पोटावर ठेवलेली,
एसटीत मांडीवर शिदोरी ठेवावी तशी.
मी मॉनिटरच्या वायरी जुळवत होते.
रेलूताईंनी हात चोळले सॅनिटायझरनं,
बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्यांभोवती, भेगांना झोंबत असताना,
पिशवी उतरवून दांडीला अडकवली,
फरशीपासून वीतभर वर,
मांडीखाली दबलेली नळी सोडवली, चिकटपट्टी नवी लावली.
प्रश्न सातवा होता हा.
त्यांचा चुकलेला, इंग्रजीत छापलेला.

आप्पांनी डोळे उघडले.
"नयी कवय काढशी व बहीन?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
ते हसले असावेत, ओठ सुकलेले होते.
"भरनं झायं का दारं बुजनं पडस.
उघडं ठेवं का वावर नासस."

प्रश्न पहिलाच होता तो.
गरज संपताच नळी काढणे : बरोबरची खूण, मी केलेली,
निळ्या पेनानं, ठळक.
आणि हा माणूस तीन दिवस शुद्धीवर,
तीन दिवस मी पिशवी रिकामी करून
मिलिलिटर लिहीत होते नीटस अक्षरात.

पहाटे ताप एकशे एक.
नळीतली लघवी गढूळ, ताकाच्या निवळीसारखी.
रेलूताईंनी नमुना घेतला, नळी न सोडता, पोर्टमधून,
मग फाइलीत त्यांच्या वाकड्या अक्षरात एक ओळ :
चार नंबर, नळी, आज कशासाठी?

राउंडला सरांनी वाचलं, मान हलवली.
साडेसातला काढली.
अकराला आप्पांनी पडदा ओढायला लावला
आणि आतून मोठ्यानं सांगितलं, उनं पानी!
पाच नंबरच्या बाईसुद्धा हसल्या.

ताप मात्र तसाच होता.
कल्चरला दोन दिवस लागणार होते.
मी घरी जाण्याआधी बाकीच्या अकरा खाटांच्या फाइली काढल्या
आणि प्रत्येकीत तीच ओळ लिहिली,
रेलूताईंची.