चावी

चौथं चर्च. बाबांच्या यादीत अजून दोन किल्ले.
मागच्या सीटवर बाझिल आणि मी, मधे चीजचा वास.
आई नकाशा फिरवत म्हणते,
"डावीकडे. नाही, मघाचं डावीकडे."

दाराला कुलूप. चिठ्ठी: चावी समोरच्या
निळ्या फाटकात मागावी, जेवणाची वेळ सोडून.
जेवणाचीच वेळ.

मादाम ओर्तांस तोंड पुसत आल्या.
आधी ओंजळभर मिराबेल दिली, बोराएवढी पिवळी, उन्हानं कोमट,
आणि विचारलं, गाडी कुणाच्या भिंतीला लावलीत?

मग आत. ओल.
भिंतीवर घोड्यांचे पाय. फक्त पाय.
गुडघ्याच्या वरचा गिलावा गळून गेलेला,
स्वार, झेंडे, कुठली लढाई, काही नाही.
बाबा पुस्तकाची पानं उलटत राहिले.
"माझ्या लहानपणी पोटापर्यंत होते," मादाम म्हणाल्या,
विहिरीचं पाणी सांगावं तसं.

गाडीत बाझिलनं पावाच्या कागदी पिशवीवर
चार पाय काढले,
आणि मोझेल ओलांडली तरी
वर काय काढायचं ते त्याला सुचेना.
माझ्या मुठीत बिया, चिकट.
किल्ले उद्या, बाबा म्हणाले,
कुणी विचारलं नव्हतं.