बत्तिसावा खिळा

लक्ष्मीपुरीत रविवारी, भंगाराच्या ताडपत्रीवर
पान्यांच्या आणि तुटक्या नळांच्या मधे
ती पडलेली असते, मूठ नसलेली.
विकणारा मला लांबूनच ओळखतो,
"आलं बघा सुरीवालं," म्हणतो
आणि भाव दहानं वाढवतो.

माझ्याकडं एकतीस आहेत.
एक मटणाच्या दुकानातली, घासून घासून
कण्यापर्यंत आलेली, आता फार तर लिंबू कापेल.
एक कुठल्याशा कँटीनची,
पात्यावर छिन्नीनं खोदलेलं : "फक्त कांदा."
एकीवर तान्याबाई असं नाव, भांड्यावर घालतात तसं.
आहेरात कुणी सुरी देतं का?
हिला दिली असावी.
शेजारचे मगदूम विचारतात,
एवढ्या घेऊन करायचं काय ओ,
आणि हसता हसता दाराकडं सरकतात.

करायला शिकवलं दस्तगीर शिकलगारनं.
उद्यमनगरात आम्ही एकाच शेडमधे,
मी ग्राइंडरवर, तो भट्टीकडं.
शेड बंद पडली, त्याचे हात पडले नाहीत.
ट्रकचा पाटा कापून आणायचा,
कोळशात लाल, त्याहून जरा पुढचा लाल,
चुंबक चिकटेनासं झालं की
सरळ शेंगतेलात.
गल्लीभर वास. पोरं विचारतात, भजी कुठायत?
मग मंद शेक, पात्यावर रंग चढेपर्यंत.
"नव्या ढेपेचा रंग," तो म्हणायचा,
"पिवळा. तांबूस चालंल.
निळं झालं की पाणी उतरलं समज."

पहिली वाकली.
दुसरी तेलातच बोलली,
टिंग,
एवढंच. केसाएवढी चीर.
दस्तगीरनं कानाशी धरून वाजवली, परत दिली.
"ठेव. मोडलेली बी ठेव."

घरात मात्र वासंतीची विळी.
मेथी तिच्यावर, खोबरं तिच्यावर,
आणि माझ्या भिंतीकडं ती बघायची
लांगेला माती न लागलेल्या
पैलवानाकडं बघावं तशी.

यंदा संक्रांतीनंतर तिला खाली बसवेना.
विळी पातं मिटून फडताळाखाली गेली.
ओट्याशी उभी राहून ती कापायला लागली
भाजीवाल्यानं फुकट दिलेल्या
प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीनं.
एकतीस भिंतीवर होत्या.
मी काही बोललो नाही. तीही.

एका दुपारी कणकेचा गोळा तिच्या हातात दिला,
म्हटलं, दाब.
"येड लागलंय," म्हणाली, पण दाबला.
मधलं बोट वळत नाही तिचं,
तिथं कणीक नुसती फुगली होती.
तशीच मूठ कोरली मी, त्या फुगवट्यासकट,
लाकूड शोधलं जांभळाचं, जुनं, मुरलेलं.

तिनं सुरी घेतली, उलटी केली,
मुठीवरनं अंगठा फिरवला.
"हा माझा पाट हाय."
विळीपुढं बसायची तो.
"इचारायचं तरी."
दोन दिवस ताट वाढलं, शब्द वाढला नाही.

तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा आवाज आला,
बारीक, न अडखळणारा.

आता महिन्यातनं एकदा ती सुरी
ओट्याच्या कडेला ठेवते.
पातं हातात देऊ नये, आईनं सांगितलेलं पाळते.
"धार गेलीय," एवढंच म्हणते.
मी उचलतो, दगडावर पाणी सोडतो.

भिंतीवर बत्तिसावा खिळा मारून ठेवला होता.
त्यावर ती चहाची गाळणी अडकवते.